वॉट विचारू नका, शेवटची खुर्ची किती लांब आहे ते विचारा

गेल्या दिवाळीनंतर आमच्या पेठेतला एक पोरगा घरी आला. हळदी, बारसं, वाढदिवस, कॉलेजचं गॅदरिंग असल्या लहान कार्यक्रमांना डिस्को लावायचा धंदा त्याला सुरू करायचा होता. लॅपटॉप होता, कंट्रोलर घेतला होता, चुलत्याचा छोटा हत्ती सुट्टीच्या दिवशी मिळणार होता. राहिले होते ते स्पीकर. मोबाइलवरचा फोटो दाखवून म्हणाला, "दादा, दोन हजार वॉटचा जोड मिळतोय, पंधरा इंची. घेऊ काय?"

मी विचारलं, "तुझ्या कार्यक्रमात सगळ्यात लांबचा माणूस किती फुटांवर असतो?" त्याला सांगता येईना. खरं तर कुणालाच पटकन सांगता येत नाही, कारण दुकानात हा प्रश्न कुणी विचारतच नाही. तिथे सगळी बोलणी वॉटवर होतात. त्या संध्याकाळी त्याला जे समजावलं, तेच इथे सविस्तर लिहितोय.

कोल्हापूर-सांगलीकडे स्पीकरच्या थप्पीला सरसकट 'डॉल्बी' म्हणतात. डॉल्बी हे मुळात एका कंपनीचं नाव. रे डॉल्बी यांनी ती १९६५ मध्ये लंडनला सुरू केली आणि टेपवरची खरखर कमी करण्याच्या तंत्रामुळे ती नावारूपाला आली. मिरवणुकीतल्या ट्रॅक्टरवरच्या खोक्यांशी तिचा संबंध नाही. हे सांगायचं कारण असं, की 'डॉल्बी' म्हटलं की पोरांच्या डोळ्यांसमोर ती भिंत उभी राहते आणि दीडशे माणसांच्या हळदीलाही तसलंच काहीतरी हवं असं वाटायला लागतं. त्या भिंतीचं काम वेगळं, आपलं वेगळं.

पॉवर्ड स्पीकर म्हणजे ज्याच्या पोटातच अॅम्प्लिफायर असतो तो. जुन्या पद्धतीत खोकं वेगळं, अॅम्प वेगळा, कुठला आवाज बेसला (खालच्या स्वरांच्या खोक्याला) आणि कुठला टॉपला (वरच्या-मधल्या स्वरांच्या खोक्याला) जायचा ते ठरवणारा क्रॉसओव्हर वेगळा. ही जुळवणी ऑपरेटरच्या डोक्यावर. पॉवर्डमध्ये ती कारखान्यातच झालेली असते. वूफरला (खोक्यातल्या मोठ्या गोल स्पीकरला, 'बारा इंची' म्हणजे त्याचाच व्यास) किती ताकद झेपते, हॉर्नला (वरच्या स्वरांच्या भोंग्याला) किती, हे बनवणाऱ्याला माहीत असतं. त्यानुसार आतला प्रोसेसर आवाजाची वाटणी करतो आणि मर्यादा ओलांडली की लिमिटर हात आखडता घेतो. एकट्यादुकट्याने धंदा करणाऱ्याला हाच मोठा आधार. एक वीज केबल, एक सिग्नल केबल, काम सुरू. अलीकडच्या बहुतेक पॉवर्ड स्पीकरमध्ये क्लास-डी अॅम्प असतो. तो विजेचा बराच मोठा भाग आवाजाकडे पोचवतो, उष्णतेत कमी घालवतो, म्हणून वजनाला हलका. बारा इंची खोकं साधारण १४ ते २० किलोंत बसतं.

तोटाही आहे. अॅम्प बिघडला की अख्खं खोकं बसतं, शेजारच्या साऊंडवाल्याकडून दुसरा अॅम्प आणून लावता येत नाही. म्हणून घेण्याआधी दुकानदाराला सरळ विचारा: अॅम्पचं मॉड्यूल आणि हॉर्नचा डायफ्राम, म्हणजे आतला थरथरणारा पडदा, सुटा मिळतो का, कुठे मिळतो, किती दिवसांत मिळतो? "बघू की, मिळंल" असं उत्तर आलं, तर दुसरं दुकान बघा.

आता वॉट. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बहुतेक वेळा पीकचा असतो. अॅम्प क्षणभर किती उडी मारू शकतो, त्याचा तो आकडा. सलग, तासन्‌तास किती देऊ शकतो, तो आकडा त्याच्या निम्मा किंवा पावपटसुद्धा असतो. म्हणजे '२००० वॉट' लिहिलेला स्पीकर सलग ५०० वॉटचाही असू शकतो. जुन्या टेपरेकॉर्डरवर पीएमपीओचे अवाढव्य आकडे असायचे, ते आठवत असतील तर हा प्रकार लगेच ध्यानात येईल. पण सलग वॉट खरे सांगितले तरी त्यावरून आवाज किती येईल ते कळत नाही. त्यासाठी डेसिबल समजून घ्यावे लागतात. गणिताची भीती बाळगू नका, दोनच गोष्टी लक्षात ठेवायच्या.

वॉट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो 'जरासा वाढला' एवढाच वाटतो. दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. ही झाली एक गोष्ट. दुसरी, मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात. अंतर आवाजाला इतक्या झपाट्याने खातं, आणि वॉट वाढवून ते भरून काढणं इतकं महाग पडतं.

या दोन गोष्टींवर त्या पोराचा हिशेब कागदावर मांडला. स्पीकरच्या माहितीपत्रकात 'कमाल एसपीएल' नावाचा आकडा असतो. एक मीटरवर जास्तीत जास्त किती आवाज, तो हा आकडा. वॉटपेक्षा कितीतरी उपयोगाचा. समजा तो १२६ डेसिबल आहे. नाचणारी माणसं ८ मीटरपर्यंत, म्हणजे साधारण २६ फुटांपर्यंत आहेत. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ मीटर, अशी तीनदा दुप्पट झाली, म्हणजे १८ डेसिबल गेले. उरले १०८. हाही पीकचा आकडा. गाण्यातला सरासरी आवाज ठोक्यांच्या टोकापेक्षा निदान १० डेसिबलने खाली असतो, म्हणून ९८ धरू. खोकी दोन, त्याचे ३ मिळवले. झाले १०१.

हे १०१ म्हणजे किती? अमेरिकेतली कामगार-आरोग्य संस्था नायॉश सांगते, की ८५ डेसिबलमध्ये आठ तास काम करता येतं आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. तसं मोजत गेलं तर १०० डेसिबलला पाव तास उरतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ मध्ये संगीताच्या ठिकाणांसाठी १०० डेसिबल, तेही पाव तासाची सरासरी धरून, ही वरची मर्यादा सुचवली. म्हणजे दोन चांगले बारा इंची स्पीकर नाचाच्या जागेत गरजेपेक्षा जास्तच आवाज देतात. आता दुप्पट वॉटचा जोड घेतला, तर १०१ चे १०४ होतील. पैसे मात्र भरमसाट वाढतील. पोरगा कागदाकडे बघत राहिला.

दीडशे-दोनशे माणसांच्या कार्यक्रमाला माझं मत ठाम आहे: दोन बारा इंची टॉप, आणि जमेल तेव्हा एक बेस. पंधरा इंचीत थोडा जास्त खालचा आवाज येतो, म्हणून लोक त्यावर भाळतात. पण वूफर जितका मोठा, तितका तो वरच्या स्वरांना समोरच्या अरुंद पट्ट्यात ढकलतो. मधल्या पट्टीतला आवाज, म्हणजे नेमका माणसाचा आवाज, बाजूला बसलेल्यांना पोकळ ऐकू येतो. आपल्याकडे डिस्कोवाल्याच्याच स्पीकरवर सकाळी मंगलाष्टकं होतात, दुपारी कुणीतरी काका आहेर जाहीर करतात आणि संध्याकाळी नाच होतो. मंगलाष्टकातला शब्द शेवटच्या रांगेतल्या आजीला कळला नाही, तर त्या स्पीकरचा उपयोग काय? बारा इंची ही कामं नीट करतो, आणि जिन्यावरून एकट्याला नेताही येतो.

दहा इंची वाढदिवस आणि भाषणांना पुरतो. नाचाला, खाली बेस असल्याशिवाय नाही.

बेसचं म्हणणं वेगळं आहे आणि तिथे खर्च करणं योग्य आहे. हलगीचा कडकडाट वरच्या पट्टीतला, तो लहान खोक्यातूनही धारदार येतो. पण नाचाच्या गाण्यातला किकचा, म्हणजे मोठ्या ड्रमचा, ठोका ५०-६० हर्ट्झच्या (सेकंदाला तितक्या कंपनांच्या) आसपास असतो, बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झची. बारा इंची टॉप साधारण ६० हर्ट्झच्या खाली दमतो. माहितीपत्रकात '४५ हर्ट्झपर्यंत' लिहिलेलं असलं, तर शेजारी उणे ३ डेसिबल आहे की उणे १० ते बघा. उणे १० म्हणजे तो स्वर निम्म्याच आवाजात येणार. अठरा इंची बेस ४० हर्ट्झपर्यंत खरोखर पोचतो. शिवाय बेस लावला की खालचं जड काम टॉपवरून उतरतं. साधारण १०० हर्ट्झच्या खालचं सगळं बेसकडे वळवलं, की टॉपमधलं गाणं आणि शब्द एकदम मोकळे होतात. हा फरक एकदा कानांनी ऐकला, की परत बिनबेसचा सेटअप लावावासा वाटत नाही.

दोन बेस असले तर ते मंचाच्या दोन टोकांना ठेवायची सवय सगळीकडे दिसते. ती सोडा. ५० हर्ट्झची एक लाट जवळजवळ ७ मीटर, म्हणजे २२-२३ फूट लांब असते. दोन बेस लांब ठेवले, की ज्या जागी एकाची लाट दुसऱ्यापेक्षा अर्ध्या लांबीने, म्हणजे साडेतीन मीटरने, मागे पडते, तिथे दोघे एकमेकांना पुसून टाकतात. मधोमध नाचणाऱ्याच्या छातीत ठोका बसतो, चार पावलं बाजूला गेलं की बेस गायब. दोन्ही खोकी एकमेकांना चिकटवून जमिनीवर ठेवली, तर एका बेसपेक्षा ६ डेसिबलपर्यंत जास्त मिळतात, तेही सगळीकडे सारखे. भिंतीला टेकवलं तर आणखी थोडे. एक पैसा खर्च न करता.

जागेचाही मोठा वाटा असतो. आमच्याकडची बरीच मंगल कार्यालयं म्हणजे फरशी, गुळगुळीत गिलावा आणि वर पत्रा. आवाज भिंतीवरून भिंतीवर उड्या मारतो, घुमतो, शब्द विरघळतो. आणि तिथे नेमकं उलटं केलं जातं: कळत नाही म्हणून आवाज वाढवतात. वाढवला की घुमणंही तितकंच वाढतं. अशा हॉलमध्ये स्पीकर स्टँडवर चढवून हॉर्न उभ्या माणसाच्या डोक्यावर, साडेसहा-सात फुटांवर न्या आणि तोंड किंचित खाली, माणसांकडे करा. बहुतेक हॉर्न आडवे ९० अंश आणि उभे ६० अंश आवाज पसरतात. त्या पसाऱ्यात माणसं आली पाहिजेत, समोरची भिंत नव्हे. माणसांचे कपडे आणि शरीरं आवाज शोषतात, भिंत तो परत पाठवते.

कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. १९१५ साली राजर्षी शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर उभारलं, तेव्हा रंगमंचावर माइक नव्हते. नटाचं पद शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं ते गळ्याने आणि त्या वास्तूने मिळून. पुढे त्याला केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं. ऑगस्ट २०२४ च्या आगीत त्या नाट्यगृहाचं झालेलं नुकसान आठवलं की अजून गलबलून येतं. हॉल हासुद्धा स्पीकरचाच भाग असतो, हे मी तिथल्या खुर्चीत बसून शिकलो.

विजेबद्दल थोडं जास्त लिहिणार आहे, कारण माझे स्पीकर गेले ते आवाजामुळे कमी आणि विजेमुळे जास्त. राधानगरी रस्त्यावरच्या एका गावात हळद होती. संध्याकाळी सगळ्या गावातले दिवे लागले आणि व्होल्टेज खाली आलं. माझा तेव्हाचा जोड २२० ते २४० वरच चालणारा होता. ऐन रंगात एक खोकं बंद पडायचं, मिनिटाभराने चालू व्हायचं, परत बंद. नवरीचे मामा दर खेपेला माझ्याकडे बघायचे. त्या रात्रीनंतर मी स्पीकरची मागची पट्टी आधी वाचतो. तिथे '१०० ते २४०' लिहिलेलं असेल, तर पुढचा प्रश्न विचारायचा: हे आपोआप जुळवून घेतं, की मागे बटण फिरवावं लागतं? आपोआप घेणारा हवा. असा स्पीकर १७० व्होल्टवरही निमूट वाजत राहतो.

याहून धोक्याची गोष्ट म्हणजे तुटलेला न्यूट्रल. मांडवात थ्री-फेज जोडणी किंवा जनरेटर असतो. तिथे न्यूट्रल सैल झाला, तर २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या जवळपास वीज आपल्या बोर्डावर येऊ शकते. अॅम्प क्षणात जळतो. म्हणून मल्टिमीटर बाळगा. पिन लावण्याआधी व्होल्टेज मोजा, जनरेटर चालू झाल्यावर परत मोजा. मंडपवाल्याला राग आला तरी चालेल.

एक्स्टेंशनची वायर बारीक नको. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या ३० मीटर वायरीत १० अँपिअर ओढले, की जवळजवळ ७ व्होल्ट वायरीतच जातात, आणि त्याच्या निम्म्या, पाऊण चौरस मिलिमीटरच्या वायरीत दुप्पट. अडीच चौरस मिलिमीटर घ्या आणि चालू असताना गुंडाळी पूर्ण उलगडून ठेवा, नाहीतर ती तापते.

हमिंग आलं, म्हणजे घूंऽऽ असा सलग आवाज येऊ लागला, तर मिक्सर, लॅपटॉप आणि स्पीकर एकाच बोर्डावरून घ्या. बऱ्याचदा तेवढ्यानेच जातं. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. तरीही राहिलं तर सिग्नलच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. पण प्लगची अर्थिंगची पिन कापू नका. हमिंग घालवायला ती कापणारे लोक मी पाहिलेत. ओल्या मांडवात, पावसाळ्यात, लोखंडी जाळीच्या खोक्याला हात लावणारा एखादा लहान पोरगा त्यात जिवानिशी जाईल.

सिग्नलसाठी तीन पिनांची एक्सएलआर केबल वापरा. ती बाहेरचा गोंगाट उचलत नाही, लांब टाकता येते. ब्लूटूथ जेवणाच्या वेळच्या मंद गाण्यांपुरतं ठीक. नाचाला नाही. गर्दीत ते तुटतं आणि आवाज किंचित उशिरा येतो.

आणि तो लाल दिवा. माझ्या पहिल्या हंगामात हॉर्नचे दोन डायफ्राम जळाले, आणि मी दुकानदाराला दोष देत फिरलो. चूक माझीच होती. मिक्सरवर लाल दिवा सतत पेटलेला आणि मी वर चढवतच होतो. मिक्सरमध्येच लाटेचं टोक कापलं गेलं, की ती फाटलेली लाट पुढे स्पीकरला 'स्वच्छ' म्हणूनच मिळते. आतला लिमिटर तिला दुरुस्त करू शकत नाही. लॅपटॉप आणि मिक्सर हिरव्यात ठेवा, अधूनमधून पिवळा चालेल, आणि कमी-जास्त जे करायचं ते स्पीकरच्या मागच्या बटणावर. स्पीकरचा लिमिट दिवा जोरदार ठोक्याला लुकलुकला तर ठीक. स्थिर पेटून राहिला, तर तुम्हाला तिथे आणखी एक खोकं हवं होतं.

दुकानात ऐकायला जाताना स्वतःचं गाणं घेऊन जा, मूळ चांगल्या प्रतीचं, कुठून तरी उतरवलेलं नको. एक नाचाचं, एक नुसतं गाण्याचं, आणि एखाद्याचं साधं बोलणं. दोन स्पीकर तुलना करताना दोघांचा आवाज सारखा करून घ्या, कारण कान नेहमी मोठ्यालाच चांगलं म्हणतो. आधी हळू ऐका. मग मोठा करून समोरून बाजूला चालत जा आणि आवाज कुठे मरतो ते पाहा. शक्य असेल तर दोन कार्यक्रमांना तेच मॉडेल भाड्याने आणून वाजवा. दुकानाच्या बंद खोलीत प्रत्येक स्पीकर जोरदार वाटतो, लॉनवर गेल्यावर खरं रूप दिसतं.

कायद्याचं गणितही स्पीकर घेतानाच करायला हवं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सरकार वर्षातले ठरावीक दिवस, जास्तीत जास्त १५, मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, ती सणउत्सवांसाठी. आपल्या हळदीला ती लागू धरू नका. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा निदान १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, आणि खासगी जागेच्या हद्दीवर आपला आवाज तिच्या ५ वर, म्हणजे ६० पुढे जाता कामा नये. आता मघाचा हिशेब परत घ्या. ८ मीटरवर १०१ असलेला आवाज मोकळ्या मैदानात, ६० सोडाच, नुसता ७५ वर यायला १६० मीटर लागतात. प्रत्यक्षात भिंती आणि घरं मध्ये येतात, मोजणीच्या पट्टीत बेसही कमी धरला जातो, पण कुठल्याही गल्लीत शेजारचं घर १६० मीटरवर नसतं. तिथे तान्हं बाळ असतं, ऑपरेशन करून आलेले आजोबा असतात. म्हणून उघड्या अंगणापेक्षा बंद हॉलचं काम घ्या, स्पीकर नाचणाऱ्यांच्या जवळ आणा, पाठ वस्तीकडे करा. दोनाऐवजी चार लहान खोकी जवळजवळ लावली, तर प्रत्येकाचा आवाज कमी ठेवून नाचायला पुरतं.

त्या पोराने शेवटी दोन बारा इंची घेतले आणि बेस पहिल्या हंगामात भाड्याने लावला. परवा कळंब्याच्या बाजूला त्याचा कार्यक्रम होता, मी मुद्दाम गेलो. पावणेदहाला त्याने आधी बेस खाली घेतला, मग हळूहळू बाकीचा आवाज, आणि शेवटच्या गाण्यानंतर माइक नवरीच्या आत्याच्या हातात दिला. जेवायला चला, असं त्या म्हणाल्या. मागच्या रांगेतून दोघी जणी लगेच उठल्या.